तांदळातली तिसरी प्रत

लोणावळा,
वैशाखाचे शेवटचे दिवस, गुरुवार

चिरंजीव अमृतराव, मुक्काम हैदराबाद, यांस वडीलबंधू कैलासचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रात आधी इकडचं कुशल कळवून मग तिकडचं विचारायची रीत आहे. मी ती उलटी करतो, कारण इकडचं कळल्यावर तिकडचं कितपत कुशल राहील याची खात्री देता येत नाही. तेव्हा आधी सांग, तुझी पाठ कशी आहे? डोकं टेकायला, कंबर टेकायला आणि कोपर टेकायला वेगवेगळी बटणं असलेली ती खुर्ची आणल्यापासून पाठ थांबली, की आता खुर्चीही दुखायला लागली? सौ. समीक्षाचा खोकला गेला का? चि. चैताली अजून मराठीत रागावते, की रागावण्यासाठी तिनेही भाषा बदलली? सगळ्यांना आमची आठवण सांगणे.

आता एक गंभीर तक्रार नोंदवतो. गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला मी तुला मोबाइलवर चौदा परिच्छेदांचा मजकूर पाठवला होता. एका बोटाने टाइप केलेला (दुसरं बोट चष्मा सावरायला लागतं), ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलेला. त्यावर सव्वा मिनिटात तुझं उत्तर आलं. अंगठा. पिवळा. चौदा परिच्छेदांना मिळून एक. अमृत, आपल्या आजोबांनी जन्मभर जमिनीच्या कागदांवर अंगठा उठवला. वडिलांनी सही शिकायला दोन पावसाळे घातले आणि तरी त्यांचा ‘ळ’ शेवटपर्यंत पाठ फिरवून बसलेला असायचा. मग मी एम. ए. झालो, तू इंजिनियर झालास. तीन पिढ्या हा घाट चढून घराणं वर आलं, आणि वर येऊन बघतो तर काय, पुन्हा अंगठा! म्हणून हे पत्र टपालाने पाठवतोय. याच्यावर अंगठा उठवायचा असेल तर तुला निदान शाई शोधावी लागेल, आणि तुमच्या त्या काचेच्या ऑफिसात ती मिळणार नाही याचं मला समाधान आहे. (तेराव्या परिच्छेदात आईविषयी दोन ओळी होत्या. तो अंगठा त्या ओळींनाही लागू आहे का, हे कळवणे.)

मूळ विषय असा की मी घाबरलेलो आहे. संस्कृतात ज्याची भीती वाटते त्याला पंचमी विभक्ती लावतात, हे मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. चोरापासून भितो, वाघापासून भितो. पुस्तकातल्या माणसांना भ्यायला चोर आणि वाघ एवढंच होतं. मी गेल्या तीन महिन्यांत ज्यांना पंचमी लावली त्यात वीज, बुरशी, माकडं, लाल दिवा, निळा दिवा आणि टक् असा आवाज, एवढी मंडळी आहेत.

तुला ठाऊक आहे (असावं, दुसरा परिच्छेद त्यावरच होता), की गेली चार वर्षं मी आपल्या मावळातले बोलीतले शब्द जमवतोय. शाळेत मुलांना देव शब्द चालवायला लावायचा आणि सुट्टी लागली की गावोगाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडापुढे मोबाइल धरून बसायचं. भाताचे शब्द, गुरांचे, पावसाचे, दुखण्यांचे, शिव्यांचे (या वेगळ्या वहीत, वही कुलपात). मार्चपर्यंत तीन हजार आठशे बारा झाले होते. प्रत्येक शब्दाला सांगणाऱ्याचा आवाज जोडलेला आहे. यातले अकराशेच्या वर एकट्या आईचे. दोनशे सात वराळ्याच्या सरूबाईंचे. सरूबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्या ज्या बांधावर बसून बोलल्या त्या बांधावर आता सात मजली इमारतीचं वाहनतळ होतंय. त्यांची नात रेणुका महिना-दोन महिन्यांनी मला फोन करते आणि बाकी काही न विचारता एवढंच विचारते, ‘सर, आजीचा आवाज हाय ना अजून?’ मी म्हणतो, आहे. ती बरं म्हणते आणि ठेवते. आणि हे सगळं, आई, सरूबाई, मावळातला यच्चयावत चिखल आणि त्याची एकोणीस नावं, माझ्या अकरा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये, ज्याची उजवी बिजागरी निखळल्यापासून मी तो बांधून ठेवतो. नाडीने.

फेब्रुवारीपर्यंत मी निर्धास्त होतो. मग रुपालीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर गेला. (ती समोरच्या गल्लीत बंगल्यांचे नकाशे काढते. हे मी तुला सांगायला नको, पण तुझा अंगठा पाहिल्यापासून मी काहीच गृहीत धरत नाही.) सकाळी बटण दाबलं तर आतून टक्, टक्, टक्. तुंगार्लीतल्या एका अख्ख्या बंगल्याचे नकाशे त्यात होते, जिन्यासकट. तिने ते कागदावरून पुन्हा काढले, तीन आठवडे लागले, आणि चौथ्या आठवड्यात जेवता जेवता सहज म्हणाली, ‘माझं काय, बंगला पुन्हा काढता येतो. तुझ्या सरूबाई पुन्हा बोलणार आहेत का?’  पत्नी म्हणून रुपालीत मला कधी उणं दिसलं नाही, पण धीर देण्याच्या कामी तिचा उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामशेतला रतनच्या दुकानात गेलो. रतन पूर्वी टेलिफोन खात्यात लाइनमन होता. तारा गेल्या, तो राहिला, त्याने कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान काढलं. खांबावर चढून चढून त्याच्या बोलण्यात एक उंचावरून पाहण्याचा भाव आलेला आहे. मी म्हटलं, मला कधीही न बिघडणारी डिस्क दे. त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. ‘सर, तुमी बसा आदी. डिस्क ही मरायलाच आल्याली आसती. कदी मरती, येवढाच सवाल.’ एवढं बोलून त्याने चहा सांगितला.

मग त्याने मला शिकवलं. विद्यार्थी म्हणून मी वाईट नाही, पण भेदरलेला विद्यार्थी होतो. कोणत्याही गोष्टीच्या तीन प्रती हव्यात. त्या निदान दोन वेगळ्या जातीच्या वस्तूंवर हव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या गावी हवी. का, तर (इथे रतन लग्नपत्रिकेतली नावं वाचावीत तशा प्रसन्नपणे एकेक आपत्ती वाचत गेला) घराला आग लागती, चोरी व्हती, वरनं वीज पडती, खालनं पाणी येतं, मंग एका घरातल्या दहा प्रती बी एकच. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे जुन्या वेदपाठशाळांत हे डिस्कशिवाय करत. आधी सरळ म्हणायचं, मग दोन-दोन पदं जोडून म्हणायचं, मग पुढचं मागे आणि मागचं पुढे असं विणत म्हणायचं. एक पद जरी गळलं तरी वीण उसवते आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. शिवाय एकच गोष्ट वेगवेगळ्या गावच्या वेगवेगळ्या लोकांना पाठ असायची. रतनने मान डोलावली. ‘म्हंजी बॅकअपच की सर. तवा मान्सं हीच डिस्क.’ मी खूश झालो. तो पुढे म्हणाला, ‘पर डिस्कचं जे तेच मान्साचं बी.’ माझा चहा तिथेच निवला.

शेवटी त्याने मला एक काळा डबा दाखवला. त्यात दोन डिस्क शेजारी शेजारी बसतात आणि एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक गेली तर दुसरी, रतनच्या शब्दांत, तेराव्याला तरी बसती. मी म्हटलं, मग झालं तर, दोन प्रती झाल्या. त्याने जीभ चावली. ‘ही एकच धरायची सर. तुमी चुकून सरूबाई पुसली तर ह्यो डबा दोन्हीकडनं लगीच पुसणार. लय आज्ञाधारक हाय.’ तेव्हापासून मी आज्ञाधारक वस्तूंनाही भितो.

डबा रतनने उन्हाळाभर वापरून बघायला दिला (‘पटला तर ठिवा, न्हाईतर परत आणा’). तो घरात आला आणि त्याच्यामागोमाग त्याचं वऱ्हाड आलं. वीज गेली तर त्याला हळूच झोपवणारी बॅटरी, ती घरघरते. आकाशातली वीज तारेतून आत येऊ नये म्हणून एक पांढरी डबी. रुपालीच्या ऑफिसातूनही तो दिसावा म्हणून गल्लीवरून टाकलेली निळी केबल, जी पहिल्याच दिवशी माकडांनी झोक्यासाठी घेतली. (दुसरी केबल रतनने पाइपातून नेली. माकडं आता पाइपाच्या तोंडाशी बसून आत डोकावतात. त्यांनाही काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.) आणि नवा राउटर. तो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि भिंतींपासून मोकळा ठेवावा असं त्याच्या कागदावर लिहिलेलं आहे. आपल्या घरात अशी जागा एकच आहे आणि तिथे गणपती आहे. मी विषय काढला, रुपालीने नुसतं पाहिलं, आणि राउटर फ्रिजवर गेला. त्याचा निळा दिवा मिचकावत असला की चालू असतो. मिचकावत नसला तरी चालूच असतो. पण मिचकावायचा थांबला की मी स्वयंपाकघरात जाऊन त्याच्यासमोर उभा राहतो. परवा रुपालीने विचारलं, ‘त्याला नैवेद्य दाखवू का?’ यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी खरोखरच हात जोडलेले होते.

एवढं होऊन राहिली ती तिसरी प्रत, दुसऱ्या गावची. आपल्याला दुसरं गाव शोधायला लागत नाही. आपलं पहिलंच गाव दुसरं आहे. मी वहीच्या आकाराची एक डिस्क घेतली, सगळे शब्द तिच्यात भरले, तिला दोन पिशव्या घातल्या आणि मार्चच्या अखेरीला दुधिवरे खिंडीतून तिकोणा पेठेला गेलो. प्रश्न होता ठेवायची कुठे. धरणाच्या काठची हवा तुला माहीत आहे, भिंतीलाही घाम येतो आणि कपाटातल्या चपलेवर महिन्याभरात लोकर उगवते. मी विचार केला, घरात सर्वांत कोरडी जागा कोणती? आईचं इंद्रायणीचं पिंप! तोंड घट्ट, वर कडुलिंबाचा पाला, आणि ओल ओढून घ्यायला तांदळासारखं दुसरं काही नाही. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला. तो अभिमान मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आईला मी समोर बसवून सांगितलं, ही वस्तू भिजलेली नाही, कोरडी आहे. ही तांदळात राहू दे. हिला हात लावायचा नाही. तीनदा सांगितलं. मग शाळामास्तराच्या सवयीने तिच्याकडून म्हणवून घेतलं. तिने पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, ‘तांदळात ऱ्हाऊ द्यायची. हात न्हाई लावायचा.’ मग डिस्क तळहातावर घेऊन तिने विचारलं, ‘म्या बोलल्यालं समदं ह्यात?’ मी म्हटलं, हो, समदं. तिने ती जरा वर-खाली करून वजन पाहिलं. ‘काई जड न्हाई,’ म्हणाली, आणि पिंपात खोल हात घालून पुरून आली.

गेल्या पंधरवड्यात मी ती प्रत ताजी करायला गेलो. (नवे एकवीस शब्द जमले होते. सगळे लोहगडवाडीचे, सगळे एका भज्यांच्या टपरीवर. सांगणाऱ्याच्या आवाजाहून कढईचा आवाज मोठा आहे, पण असो.) अंगणात शिरलो तर खाटेवर जुनं लुगडं पसरलेलं, त्यावर कुरडया, एका कडेला सांडगे, आणि मधोमध, उताणी, माझी डिस्क. दोन्ही पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. उन्हं अशी की खाटेच्या दांड्याला हात लावून पाहिला तर भाजला. मी धावलो. आई म्हणाली, ‘थांब, थांब, हात नको लावू, आत्ताच परतलीया.’ तिने ती परतली होती, अमृत. रोज दोनदा. कुरडयांबरोबर.

आता यात तिचं तरी काय चुकलं? धरणावर येणारे पर्यटक फोटो काढता काढता फोन पाण्यात टाकतात आणि मग ओलेते पळत पेठेत येतात, तांदूळ द्या, तांदूळ द्या. आपल्या शेजारच्या गेणूभाऊने तर (त्याच्या अंगणातून तो हा सगळा तमाशा पाहत होता, त्याची शालूबाई पदराआड हसत होती) त्यासाठी दारात वेगळा डबाच भरून ठेवलाय. म्हणजे गावाच्या रीतीने जी वस्तू तांदळात सापडते ती भिजलेली असते. आणि भिजलेल्या वस्तूला आधी तांदूळ, मग ऊन. आई म्हणाली, ‘चार दिस झालं. वरनं वाळलंया. आतनं अजून वल्लं आसंल, हालवलं की वाजतंया.’ मी कळवळून विचारलं, हलवलं कशाला? तर मधे दोनदा खाटेवरून पडली होती म्हणून, फुटली की काय ते बघायला. गेणूभाऊ बांधावरून ओरडला, ‘म्या म्हणलं काकूला, कुण्या टूरिस्टाचं आसंल, येतील मागाय!’

रतनने डिस्क हातात घेतली, कानाशी नेली, हलवली. मग दुकानातला रेडिओ बारीक केला. ‘सर,’ म्हणाला, ‘कुरडया कशा झाल्या?’

ही हकिगत मी आतापर्यंत सहा ठिकाणी सांगितली. प्रवेशाच्या कामाला शिक्षकखोलीत जमलो तिथे सांगितली, तेव्हा मुख्याध्यापकांना ठसका लागला. रुपालीने तिच्या ऑफिसात माझ्याकडून सांगून घेतली. प्रत्येक खेपेला ती जास्त रंगली. सहाव्या खेपेला डिस्कवर मीठही पडलं. मात्र सहाही खेपेला मी एक वाक्य गाळलं. ते इथेही गाळतो, कारण पत्र विनोदी चाललंय.

तेव्हा आता तुझ्याकडून, तू दिवसभर याच वस्तूंच्या राशीत बसतोस म्हणून, मला नीट सल्ला हवा आहे. डबा दोन डिस्कांचा ठेवू की चार? डिस्क फिरणारी घेऊ की न फिरणारी? (रतन म्हणतो, न फिरणारी पडली तरी टिकते, पण विजेशिवाय कपाटात फार दिवस ठेवली तर हळूहळू विसरायला लागते. हे ऐकल्यापासून मी तिच्याकडे नीट बघू शकत नाही.) राउटर फ्रिजवर चालतो का? आणि तिसरी प्रत तुझ्याकडे हैदराबादला आपोआप पोचत राहील अशी काही सोय असते म्हणतात, ती लांबची सोय भरवशाची असते का? जे लांब ठेवलेलं असतं ते खरंच राहतं का, की आपण ते आहे असं धरून चालतो?

इकडे वारा सुटलाय. वळवाचं चिन्ह दिसतंय. पांढरी डबी जागेवर आहे की नाही बघायला मला उठायला हवं, म्हणून थांबतो. समीक्षाला आणि चैतालीला आशीर्वाद.

तुझा, निळ्या दिव्याच्या भरवशावर जगणारा,
कैलास

ता. क. – वरच्या प्रश्नांची उत्तरं शोधत बसू नकोस. रतनने मागच्या शुक्रवारीच सगळं ठरवून टाकलं. डबा दोन डिस्कांचाच ठेवला, राउटर फ्रिजवर उत्तम चालतो. तिसरी प्रत नव्या डिस्कवर करून मी वराळ्याला रेणुकाच्या कपाटात ठेवून आलो. तिने आधी आजीचा आवाज लावून बघितला. सरूबाई पावसाला नावं ठेवत होत्या. रेणुका उभ्यानेच ऐकत राहिली, मग कपाटाला कुलूप लावलं. तांदूळ आसपास नाही याची मी खात्री करून घेतली आहे. एकूण तीन हजार आठशे तेहेतीस शब्दांना आता काही होत नाही. म्हणजे वरचं सगळं पत्र तू वाचलं नसतंस तरी चाललं असतं.

ता. क. दुसरा – गाळलेलं वाक्य. अंगणात मी आईला म्हटलं, अगं, तुला मी तीनदा सांगितलं होतं ना? ती म्हणाली, ‘तू? तू हितं कदी आलतास?’ मला वाटलं, चूक झाली म्हणून सारवासारव करतेय. मी चिडलोसुद्धा. गेणूभाऊपुढे तिला बोललो. तिने वाद घातला नाही. कुरडया गोळा करायला लागली. आपली आई, अमृत, वाद न घालता.

मग उगाच विषय बदलायचा म्हणून मी पडवीत खुंटीवरच्या इरल्याकडे बोट दाखवून विचारलं, याच्या काठाच्या विणीला तू काय म्हणाली होतीस गं, माझं लिहायचं राहिलंय. ती बघत राहिली. ‘त्ये व्हय... पावसात लावणीला डोक्यावं घेत्यात त्ये.’  ती हाताने डोक्यावर आकार करून दाखवत होती. मी म्हटलं, इरलं. तिचा चेहरा उजळला. ‘व्हय, इरलं!’ म्हणाली, ‘तुला कसं रं ठावं?’

माझ्या यादीतला पहिला शब्द तो आहे. तिचाच. चार वर्षांपूर्वी, तिच्याच पडवीत, तिच्याच तोंडचा. मोबाइल खिशात होता, लावून ऐकवता आला असता. मी नाही ऐकवला.

ता. क. तिसरा आणि शेवटचा – बुधवारी तिला तळेगावला डॉक्टरांकडे नेतोय. शालूबाई रात्री तिच्यापाशी झोपते. रुपाली तिला इथे आणू म्हणते, आई येत नाही म्हणते. डबा, राउटर, केबल यातलं काहीही तुला विचारायचं नव्हतं. तू दिवाळीला येतो म्हणतोस. दिवाळीला नको. लावणीच्या आत ये. आठ दिवस काढून ये, आणि तिच्यापाशी बस. तुला काही रेकॉर्ड करायला लागणार नाही.

परवा पेठेतून निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि तिने हाक मारली, ‘अमृता, पोचल्यावं फोन कर रं.’ मी ओ दिली. पोचल्यावर फोन केला. तिने विचारलं, ‘कैलास कसा हाय?’ मी म्हटलं, बरा आहे.

तो बरा नाही, अमृत. त्याला फार भीती वाटते.